शुगरच्या दिवशी फोडलेला पेपर

मी एकदा पेपर फोडला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरीण म्हणून काढली. पोरांच्या बाहीतून, पायमोज्यातून, कंपासपेटीच्या झाकणाखालून कॉप्या ओढून काढल्या. आणि निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, चार नातवंडांची आजी झालेली असताना, आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातला पेपर फोडून अकरा बायांना उत्तरं पुरवली. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते, त्रेसष्टची. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याइतकं शहाणं पंचक्रोशीत कुणी नाही. मला तर हे पहिलीत असल्यापासून वाटत होतं.

आमचं गाव मानवत आणि पाथरीच्या मधे. उपकेंद्रात मंगळवार हा शुगरचा दिवस. बोटाला सुई टोचून साखर बघायची, दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं, महिन्याच्या गोळ्या पिशवीत टाकायच्या आणि घरी यायचं. उपकेंद्राला लागून विहार आहे. त्याच्या ओट्यावर बाया सावलीला बसतात आणि नंबर येईल तशी एकेक आत जाते. उपकेंद्रातल्या मॅडम येलदरीकडच्या, वयानं माझ्या धाकट्या सुनेहून लहान. डॉक्टर नव्हेत, पण आमच्यासाठी डॉक्टरच.

त्या मंगळवारी पहिला नंबर माझा होता. तो नेहमी माझाच असतो. मॅडमनी बीपी घेतलं, साखर बघितली आणि मग टेबलावर एक नवा कागद ठेवला. म्हणाल्या, "बाई, आजपासनं हे बी विचारायचंय. शुगर-बीपीच्या सगळ्या पेशंटला."

सगळं गाव मला बाईच म्हणतं. आणि बाईला एक सवय असते. टेबलापलीकडून पोराची वही उलटी वाचायची. मॅडमनी पहिला प्रश्न विचारेपर्यंत मी नऊच्या नऊ प्रश्न उलटे वाचून काढले होते. गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागत नाही असं झालं का. उदास वाटलं का. झोप लागते का. जेवण जातं का. असं करत करत शेवटचा. आपण मेलेलं बरं, असं मनात येतं का. प्रत्येकापुढं चार रकाने, आणि पहिल्या रकान्यावर लिहिलेलं, अजिबात नाही.

शेवटचा प्रश्न वाचला आणि मी खुर्ची मागं सरकवली.

का ते सांगते. मी सहा-सात वर्षांची असताना आईची धाकटी बहीण आमच्याकडं राहायला होती. आधी तिनं वेणी घालणं सोडलं, मग जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. एका दुपारी अंगणात वेड्यांच्या दवाखान्याची पांढरी जीप आली. "दोन दिवसांत माघारी आणतो," असं म्हणून मावशीला तिच्यात बसवलं. तिची फणी घरातच राहिली होती, म्हणून मी पळत जाऊन ती तिच्या हातात दिली. मावशीनं फणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जीप गेली. मावशी परत आली नाही. घरात पुन्हा तिचं नाव निघालं नाही. मी विचारलं तर आई चुलीत फुंकर मारायला वळायची. तेव्हापासून पांढरी जीप दिसली की मी रस्त्याच्या कडेला होते. मास्तरीण झाले, शाळा तपासायला साहेब जीपनं यायचे, तेव्हाही फळ्याकडं तोंड करून उभी राहायची. साहेबांना वाटायचं, बाई कामात फार गुंगलेल्या असतात.

तर मी मॅडमना नऊ वेळा "अजिबात नाही" सांगितलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडाच राहायचा, पण ते कशाला सांगा. आणि बाहेर ओट्यावर येऊन मी बायांना गोळा केलं.

"आत एक कागद हाय," मी दबक्या आवाजात म्हणाले आणि नऊच्या नऊ प्रश्न, मेलेलं बरं वाटतं का ह्या शेवटच्यासकट, सांगितले. "काय बी इचारलं तरी अजिबात न्हाई म्हणायचं. नऊ बार."

"साखर वाढली का इचारलं तर?" एकीनं विचारलं.

"ते सुई सांगते. तू तुझ्या तोंडानं न्हाई म्हण."

"पर हो म्हणलं तर काय करत्यात?"

"नाव लिहून घेत्यात. मग गाडी येते."

गाडीचं ऐकल्यावर बाया बोटांवर नऊ मोजायला लागल्या. कोपऱ्यात माझी धाकटी जाऊ बसली होती. आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचा मुलगा पुण्याला, दीर कापसाच्या हंगामात मानवतला जिनिंगच्या कारखान्यावर, शनिवारी यायचे. तिला शुगर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि अलीकडं काही केल्या साखर खाली येत नव्हती. मी तिला बायांसमोर 'गुळाची ढेप' म्हणायची. बाया हसायच्या. ती पण हसायची, पदर तोंडाला लावून.

ती म्हणाली, "अक्का, शेवटच्याला बी न्हाईच म्हणायचं का?"

"शेवटच्याला तर सगळ्यात आधी," मी म्हणाले, आणि पलीकडच्या बाईला पढवायला सरकले.

त्या दिवशी अकराच्या अकरा बाया पास झाल्या. मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. एवढा गर्व मला दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता.

नंतरच्या महिन्यात जावेची साखर आणखी वाढली. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. मॅडमनी गोळी वाढवून दिली, तरी तेच. माझ्या डोक्यात एकच. ही चोरून गूळ खाते. एका शुक्रवारी सकाळी ती जनावराला पाणी दाखवायला गेली, आणि मी भरारी पथकासारखी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. पिठाचा डबा पाहिला, डाळीची गाडगी पाहिली, लाकडाच्या फळीवर चढून माळ्यावरची उतरंड खाली घेतली. त्रेसष्टाव्या वर्षी फळीवर चढलेली मास्तरीण. पडले असते तर गावाला चार दिवस पुरलं असतं.

माळ्याच्या कोपऱ्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. जड लागला. मी मनात म्हणाले, सापडली ढेप. झाकण काढलं.

आत गोळ्या होत्या. साखरेच्या, बीपीच्या. पाकिटंच्या पाकिटं, एकही न फोडलेलं. महिन्यामागून महिने ती माझ्यासोबत ओट्यावर बसून नंबर लावत होती, गोळ्या घेत होती, पिशवीत टाकत होती, आणि इथं आणून रचत होती.

मी डबा मांडीवर घेऊन तिथंच खाली बसले. मागं पावलं वाजली. ती दारात उभी होती, हातात रिकामी बादली.

"ठेवा तिथं, अक्का."

"ह्या खाल्ल्या का न्हाईस?"

"खाऊन काय करू?"

"मग फेकायच्या तरी."

"सरकारनं दिलेल्या हायत. फेकवत न्हाईत."

"मग ठेवल्यास कशाला?"

तिनं बादली खाली ठेवली, माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि डब्यावर बसवायला लागली. झाकण वाकडं होतं, बसत नव्हतं. ती शांतपणे दाबत राहिली. तिच्या तोंडावर ना राग, ना लाज. पेपर कोरा ठेवून बसलेल्या पोराचं तोंड असतं ना, तसं. आणि ओट्यावरचा तिचा प्रश्न मला आठवला. शेवटच्याला बी न्हाईच म्हणायचं का.

मी डबा पदराखाली घातला आणि घरी आले. तिनं अडवलं नाही. तेवढंही केलं नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

मंगळवारला चार दिवस होते. मॅडम दुसऱ्या गावाच्या कॅम्पला गेल्या होत्या, पण फोन होता. आशाताई गल्लीतच राहत होती. मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की गाडी येणार, हे माझ्या डोक्यात पक्कं. न सांगावं तर. त्या "तर"च्या पुढं मला जाता येत नव्हतं. दीर शनिवारी आले, रविवारी गेले. मी त्यांच्यासमोर भाजी निवडत बसले आणि म्हणाले, "हिच्यावर लक्ष ठेवा जरा." ते म्हणाले, "कशापायी?" मी म्हणाले, "गुळापायी."

चार दिवस मी भिंतीला कान लावून जगले. सकाळी तिचा झाडू वाजला की श्वास सोडायची. झाडू वाजायला उशीर झाला की उठून जायची. काय निमित्त काढावं? मीठ संपलं. सूप दे. चाळणी दे. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले. सोमवारपर्यंत तिच्या चार वाट्या, दोन चाळण्या आणि एक सूप माझ्या घरात जमलं होतं. ती निमूट काढून द्यायची. एकदा फक्त म्हणाली, "अक्का, तुमच्या घरी मीठ लय लागायलंय." मी हसले. ती हसली नाही.

डबा मी माझ्या कपाटात कुलपात ठेवला होता, किल्ली गळ्यात. पण तिच्याकडं एकच डबा होता, हे मला कुणी सांगितलं होतं? वाटीनं मीठ घेताना माझे डोळे तिच्या फळ्यांवरून फिरायचे. अर्धी पोळी ताटातच राहायची. मला स्वतःला त्या कागदातले चार प्रश्न तेव्हा लागू पडत होते, हे मी बोटांवर मोजलं आणि सोडून दिलं.

मंगळवारी मी ठरवलं, सांगायचं. डबा पिशवीत घातला, वर नऊवारी घडी करून ठेवली, आणि जावेला म्हणाले, "चल, गोळ्या आणू." ती चप्पल घालून निघाली.

विहाराच्या कोपऱ्यावर वळलो आणि मी जागीच थांबले. उपकेंद्राच्या अंगणात पांढरी जीप उभी होती.

मी तिचा दंड धरला आणि मागं फिरले. शाळेच्या गल्लीनं, भराभर, जवळजवळ पळतच. गुडघे कुरकुरत होते. पिशवी मांडीवर आपटत होती आणि आतला डबा खळखळ वाजत होता.

"अक्का, कुठं निघालाव?"

"आज गर्दी हाय."

"कुणीच न्हाई तिथं."

"तेच. उद्या येऊ."

"उद्या बुधवार हाय. हात दुखायलाय माझा, सोडा."

मी सोडला नाही. शाळेच्या भिंतीआड दोघी उभ्या राहिलो. जिथं चौतीस वर्षं मी पोरांना लपंडाव खेळताना पकडलं, तिथंच मी लपले. भिंतीवरून बघत होते. आता कुणीतरी कागद घेऊन उतरेल, नाव विचारेल. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मॅडमच आल्या.

"बाई, तुमी दोघी पळाल्या कशाला? मी खिडकीतनं बघितलं."

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "गाडी कुणासाठी आलीये?"

"लशीचा डबा घिऊन आलीये. लहान लेकरांची लस उद्या हाय न्हवं."

तरी जीप वळून रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी भिंत सोडली नाही. मॅडम माझ्याजवळ उभ्या राहिल्या, घाई केली नाही. मग आम्ही तिघी आत गेलो. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा पेपर मी फोडला व्हता."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासकट बारा जणींनी एकच उत्तर दिलं. एकीला मी चप्पल बाहेर काढली का इचारलं, तर अजिबात न्हाई म्हणली. मी कागद बाजूला ठेवून दिले व्हते. परत इचारायचे म्हणून."

मग त्यांनी झाकण काढलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. जावेकडं बघून त्या म्हणाल्या, "मावशी, तुमी बसा." मला म्हणाल्या, "बाई, तुमी बाहेर थांबा. मागल्या वेळी दार उघडं ठेवून इचारलं, ते माझं चुकलं."

दार लागलं.

ओट्यावर मी एकटी होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नाही म्हणजे काय चाललंय, हे मी हजार तऱ्हांनी डोक्यात लिहून काढलं. एकदा खिडकीतून दिसलं, मॅडमच्या मोबाइलमध्ये एका माणसाचा चेहरा होता, कुठलेतरी डॉक्टर, आणि जाऊ त्यांच्याशी मान खाली घालून बोलत होती. बोलत होती. घरी दोन वाक्यांच्या वर न बोलणारी बाई. माझा जीव रस्त्याकडं होता. एक ट्रॅक्टर गेला, ऊस भरलेला. एक मोटरसायकल गेली. जीप आली नाही.

दार उघडलं तेव्हा जावेचे डोळे सुजलेले होते. मी मॅडमना विचारलं, "किती दिवस ठेवतील?"

"कुठं?"

"तिथं."

मॅडमनी समोर बसून नीट सांगितलं. ह्या मावशी घरीच राहणार. शुगरचं आणि मनाचं, दोन्हीचं औषध इथंच, एकाच कार्डावर, दर मंगळवारी. पुढच्या आठवड्यात एकदा तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवून यायचं. तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही, गोळ्या तुमच्याकडं ठेवायच्या आणि रोजच्या रोज हातावर द्यायच्या. दिराला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. काही वेगळं वाटलं तर कुठल्याही वेळी मला फोन, असं दोनदा सांगितलं. म्हणाल्या, "मन उतरलं की माणूस गोळी खात न्हाई, पायाची जखम बघत न्हाई. आमी नुसती साखर बघत बसलो. म्हणून तर ते नऊ प्रश्न आलेत."

जावेला मी तिथंच विचारलं, "काय झालंय तुला? भाऊजी काय बोलले का? पोरगं?"

"काय बी झालं न्हाई," ती म्हणाली. "कारण सापडत न्हाई, अक्का. सापडलं असतं तर कवाच सांगितलं असतं."

मग मॅडमनी नवा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. उलटा नव्हे, सुलटा. "बाई, आता तुमी. खरं सांगा. कॉपी न्हाई." मी पाच ठिकाणी पहिला रकाना सोडून पुढचं उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाला मात्र नाही, ते तेव्हाही खरं होतं. झोपेच्या प्रश्नाला मॅडमनी थेट चौथ्या, 'जवळजवळ रोज'च्या रकान्यात खूण केली आणि मला पास न करता पुढच्या मंगळवारी बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा निकाल राखून ठेवला होता.

ती त्या आठवड्यात माझ्याकडं राहिली. सकाळी मी गोळी तिच्या तळहातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत बघायची. ती म्हणायची, "जीभ दाखवू का?" मी म्हणायची, "दाखव." आणि ती दाखवायची.

तालुक्याला जायचा दिवस आला तेव्हा मी गेले नाही. गुडघ्याचं निमित्त केलं. दीर तिला घेऊन एसटीनं गेले. मी फाट्यावरच्या निंबाखाली जाऊन बसले, गुडघा दुखत असलेली बाई दीड किलोमीटर चालत जाऊन. निघताना तिनं मला हाक मारली होती, "अक्का, माझी फणी कुठं ठेवलीत?" मी फणी दिली नाही. सापडत नाही म्हणाले. ती माझ्या कमरेला खोचलेली होती.

दुपारची पहिली एसटी आली. दोन माणसं उतरली, ओळखीची नाहीत. दुसरी थांबलीच नाही. ऊन कलायला लागलं. मला मावशीची वेणी आठवत होती, सुटलेली, आणि जीपच्या मागच्या पडद्याची फडफड. मी ठरवून टाकलं होतं की ती आता येणार नाही, आणि हे दिरांनी मला कोणत्या शब्दांत सांगायचं तेही ठरवून टाकलं होतं. तिसरी एसटी थांबली. आधी दीर उतरले. दारात कुणी नाही. कंडक्टर आत बघून काहीतरी बोलत होता. मग पायरीवर पट्टी बांधलेला अंगठा दिसला. ती पायरी धरून, एकेक पाय टाकत, खाली उतरली. हातात बोरांची पिशवी.

दीर पुढं झाले. आम्ही दोघी मागून हळूहळू चाललो. मी कमरेची फणी काढून तिला दिली. तिनं घेतली आणि केसात खोचली. मला बोलल्याशिवाय राहवेना. मी म्हणाले, "त्या दिवशी ओट्यावर मी तुझ्या भल्यासाठीच न्हाई म्हणायला सांगितलं व्हतं. मला भ्या वाटलं व्हतं."

तिनं एक बोर काढून पदराला पुसलं, माझ्या हातावर ठेवलं, आणि म्हणाली, "ते ठाऊक हाय, अक्का. शेवटच्याला बी न्हाईच म्हणायचं का, असं इचारून म्या तुमच्या तोंडाकडं बघत बसले व्हते. म्हणलं, आता तरी इचारतील, का गं असं म्हणतीस म्हणून. तर तुमी पलीकडच्या बाईला सांगायला गेलाव."